कावेरीकाठची जमीन आणि स्त्रीचे नाव

कुंभकोणम्‌हून मायावरमच्या वाटेने पूर्वेकडे जाताना तिरुविडैमरुदूर ओलांडले की गोविंदपुरम् लागते. भाताच्या खाचरांनी वेढलेल्या या गावात बोधेंद्र सरस्वतींची समाधी आहे. परंपरा त्यांच्या समाधीचे वर्ष १६९२ असे सांगते. कलियुगात नामाखेरीज दुसरे साधन नाही आणि त्या साधनाला जात, आश्रम वा लिंग यांची अट नाही, हा बोधेंद्रांच्या नामसिद्धांताचा गाभा होय. पंढरीच्या वारकऱ्याला तो परका वाटणार नाही. अलीकडच्या काळात याच गावात विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले, तेव्हा तमिळ भूमीतील मराठी भक्तिपरंपरेचे एक वर्तुळ पुरे झाले असे अनेकांना वाटले. परंतु या परिसराचा दुसराही एक इतिहास आहे आणि तोही नावाचाच आहे. देवाचे नाव स्त्रीला या काठावर तीनशे वर्षांपूर्वीच मोकळे झाले. जमिनीवर मात्र तिचे स्वतःचे नाव केव्हा लागले, कोणत्या कारणाने लागले आणि लागल्यावर त्या नावाला कितपत अधिकार आला, हा प्रश्न तंजावरच्या मराठी राज्याच्या अभ्यासकांनी सहसा विचारलेला नाही. सरस्वती महालातील पोथ्या, शहाजीची नाटके, सरफोजींचा ग्रंथसंग्रह यांवर पुष्कळ लिहिले गेले. त्या वैभवाचा खर्च जिच्यावर भागत होता त्या जमिनीकडे कमी पाहिले गेले, आणि त्या जमिनीतील स्त्रीच्या हक्काकडे त्याहून कमी.

आरंभ गोविंदपुरम्‌च्या शेजारीच करता येतो. तिरुविसनल्लूर हे गाव शहाजीराजांनी १६९३ मध्ये ४६ पंडितांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याला शहाजीराजपुरम् असे नाव पडले. रामभद्र दीक्षित, वेदकवी, बोधेंद्रांचे स्नेही श्रीधर वेंकटेश अय्यावाळ अशी थोर नावे या दानाशी निगडित आहेत. भारतीय राजांनी विद्वत्तेला दिलेल्या आश्रयाचे हे एक उत्कृष्ट उदाहरण आहे, यात शंका नाही. या ४६ वाटेकऱ्यांत स्त्री एकही नाही. त्या काळी ती असण्याची अपेक्षाही कोणी करणार नाही, म्हणून हा दोषारोप नव्हे. पण ही जमीन पुढे पिढ्यान्‌पिढ्या कोणाकडून कोणाकडे गेली असेल, याची दिशा त्या पहिल्या यादीतच ठरून गेली. याच दरबारी वर्तुळात अठराव्या शतकात त्र्यंबकयज्वन् या पंडिताने ‘स्त्रीधर्मपद्धती’ हा ग्रंथ रचला. पहाटे उठल्यापासून निजेपर्यंत पत्नीने काय करावे, याची एवढी तपशीलवार संहिता संस्कृतात क्वचितच आढळते. स्त्रीच्या कर्तव्यांना स्वतंत्र ग्रंथ मिळाला. तिच्या धनाचा विचार धर्मशास्त्राच्या दायभागातील एका प्रकरणापुरता राहिला.

त्या प्रकरणाला ‘स्त्रीधन’ म्हणतात. मिताक्षराकार विज्ञानेश्वरांनी या शब्दाचा अर्थ चांगला ऐसपैस केला होता. वारसाने, खरेदीने, वाटणीने, कोणत्याही रीतीने स्त्रीकडे आलेले धन ते तिचे स्त्रीधन, अशी त्यांची भूमिका होती. इंग्रजी न्यायालयांनी पुढे ती आवळली आणि पतीकडून वारसाने आलेली मालमत्ता स्त्रीधनातून बाहेर काढली. ती तिने हयातीपुरती भोगायची, विकायची नाही, आणि तिच्या पश्चात ती तिच्या वारसांकडे न जाता पतीच्या वारसांकडे परत जायची. एकोणिसाव्या शतकातील ‘मर्यादित इस्टेटी’चा हा सिद्धांत शास्त्राच्या नावाने चालला; तो शास्त्रातील सर्वांत उदार टीकाकाराच्या विरुद्ध जातो, याचा विसर पडला. मुंबई इलाख्यात व्यवहारमयूखाच्या प्रभावामुळे कन्येच्या वारसाबाबत काहीशी मोकळीक उरली. मद्रास इलाख्यात ती नव्हती. म्हणजे एकाच मराठी घराण्यातल्या दोन बहिणी, एक पुण्यात नांदणारी आणि एक तंजावरात, या पित्याची जमीन वारसाने घेताना दोन वेगळ्या कायद्यांच्या धनी होत्या.

तंजावरच्या राजस्त्रियांची नावे मात्र या भूमीवर ठळकपणे उमटलेली आहेत. रामेश्वराच्या यात्रामार्गावर भोसले राजांनी बांधलेली छत्रे, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासाची व अन्नदानाची स्थाने, बहुधा राण्यांच्या अथवा राजांच्या प्रिय स्त्रियांच्या नावांनी ओळखली जातात. नीडामंगलम्‌चे यमुनांबापुरम् प्रतापसिंहांच्या काळचे आहे. ओरत्तनाडूचे मुक्तांबापुरम् सरफोजींनी मुक्तांबेच्या स्मरणार्थ उभारले. या छत्रांना गावेच्या गावे लावून दिलेली होती. तेथे जेवण होते, पाठशाळा होत्या, आजाऱ्याला औषध होते. १७९९ च्या तहाने राज्याचा महसूल कंपनीकडे गेला आणि सरफोजींच्या हाती तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लाख पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. तेव्हा छत्रे आपल्याकडेच राहावीत यासाठी त्यांनी कंपनीशी आग्रहाने लिहिणे केले. स्त्रीचे नाव धारण करणारी ही जमीन राज्य गेल्यावर राजाला उरलेल्या थोड्या कर्तृत्वक्षेत्रांपैकी एक झाली. परंतु हे नाव पुण्याचे होते. गावाच्या उत्पन्नावर हक्क धर्मकार्याचा. ज्या स्त्रीचे नाव, ती पुष्कळदा त्या वेळी हयातही नव्हती.

तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामींच्या देवळात हातात दिवा धरून उभी असलेली पितळेची एक स्त्रीमूर्ती आहे. पदच्युत अमरसिंहांचा परिवार १७९८ नंतर याच गावी राहिला. त्या घराण्यातील अम्मणी नावाच्या तरुणीने प्रतापसिंह या आपल्या आप्ताशी विवाह व्हावा म्हणून लक्षदीपांचा नवस केला, तो फळल्यावर दीप लावले आणि त्यांतील एक दीप म्हणून आपलीच मूर्ती १८५३ मध्ये देवाला वाहिली. मूर्तीवर हा सारा मजकूर तमिळमध्ये कोरलेला आहे. स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या रूपाने दान देणारी अशी मराठी स्त्री त्या शतकात विरळा. ती जे देऊ शकली ते पितळ आणि तेल होते. दागिना, भांडे, दिवा एवढ्यावर स्त्रीची सत्ता निर्विवाद चाले. अम्मणीचा दीप उजळला त्यानंतर दोन वर्षांनी तंजावरात जे घडले त्याने जमिनीवरील स्त्रीची सत्ता कोठे थांबते, हे जगाला दाखवून दिले.

२९ ऑक्टोबर १८५५ रोजी दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले. मागे अनेक राण्या होत्या आणि कन्या होत्या. त्यांतील एक लवकरच वारली. रेसिडेंट फोर्ब्स यांनी कन्येचा वारसा मान्य करावा अशी शिफारस केली होती, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वरिष्ठांनी ती फेटाळली. हिंदू राजाच्या कन्येला गादीचा हक्क देणारा कायदा नाही की वहिवाट नाही, असे कारण दिले गेले. ज्या राज्यात १७३७-३८ मध्ये दुसऱ्या एकोजींची विधवा सुजानबाई गादीवर बसली होती, त्याच राज्याबद्दलचा हा निर्वाळा आहे. सुजानबाईंचा कारभार किल्लेदाराच्या आणि सरदारांच्या कारस्थानांत वर्षभरात संपला हे खरे, पण अल्पायुषी वहिवाट म्हणजे वहिवाटच नव्हे असे म्हणता येत नाही.

गादी गेली ती गेली. ऑक्टोबर १८५६ मध्ये फोर्ब्स यांनी लष्कर घेऊन राजवाड्याचा ताबा घेतला आणि राज्याच्या मालमत्तेबरोबर राजाची खासगी मालमत्ताही सील केली. येथे एक मराठी शब्द ध्यानात घेणे आवश्यक आहे. मराठी राज्यपद्धतीत ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असा भेद फार पूर्वीपासून रुळलेला होता. दौलत राज्याची, खासगी घराची, आणि बऱ्याच प्रसंगी घरातल्या स्त्रीची. पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे वेगळी खासगी नेमून दिली. तीच पुढे अहिल्याबाईंच्या हाती आली आणि तिच्यातून काशीपासून रामेश्वरापर्यंतचे घाट व धर्मशाळा उभ्या राहिल्या. अहिल्याबाईंचे औदार्य सारा महाराष्ट्र जाणतो. त्या औदार्यामागे स्वतंत्र हिशोबाची जमीन होती, हे मात्र कीर्तनात येत नाही. तंजावरची ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी हाच भेद इंग्रजांच्या न्यायासनापुढे ठेवला. राज्य तुम्ही घेतले असेल. माझ्या पतीची खासगी तुम्हांला कशी घेता येईल? मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने त्यांचे म्हणणे मान्य केले. कंपनीने अपील केले आणि १८५९ मध्ये, कंपनी स्वतःच विलयाला गेल्यावर, भारतमंत्री विरुद्ध कामाक्षीबाई साहेबा या नावाने प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला. लॉर्ड किंग्जडाउन यांनी असे ठरवले की जप्ती ही सार्वभौम सत्तेने केलेली राजकीय कृती होती. ती अन्यायाची असली तरी तिच्यावर इलाज करणे कोणत्याही देशांतर्गत न्यायालयाच्या हाती नाही. कायद्याच्या महाविद्यालयांत हा निकाल ‘राज्यकृत्या’चा आद्य दाखला म्हणून आजही शिकवला जातो. तो एका मराठी विधवेने आपल्या खासगीसाठी दिलेला लढा होता, याची आठवण शिकवणाऱ्यांना असतेच असे नाही.

जे न्यायाने मिळाले नाही ते कृपेने मिळाले. १८६२ मध्ये मद्रास सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली. आदेशाची रचना पाहण्यासारखी आहे. ज्येष्ठ राणीने व्यवस्था पाहायची. सहवारस असलेल्या इतर राण्यांच्या उपभोगाची योग्य सोय लावून द्यायची. शेवटची राणी वारल्यावर मालमत्ता कन्येकडे आणि ती नसल्यास राजाच्या पुढील वारसांकडे जायची. देणाऱ्या सरकारने मालकी दिली आणि त्याच वाक्यात ती कोठे थांबायची तेही ठरवले. परिणाम लवकरच दिसला. १८६८ मध्ये धाकट्या राणीने ज्येष्ठ राणीविरुद्ध आणलेला दावा, जिजाईआंबाबाई विरुद्ध कामाक्षीबाई, मद्रास उच्च न्यायालयापुढे आला. सवतींच्या एकत्र वारशासंबंधी हिंदू कायद्याच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख वारंवार आढळतो. नऊ वर्षांपूर्वी साऱ्या साम्राज्याशी झगडलेली स्त्री आता आपल्याच सवतींपुढे प्रतिवादी म्हणून उभी होती. यात कोणाच्या स्वभावाचा दोष शोधण्याचे कारण नाही. विकता येत नाही, वाटता येत नाही, मृत्युपत्राने देता येत नाही अशी मालमत्ता अनेक जणींच्या हाती सामाईक ठेवली, की तंटा हाच तिच्यावरील हक्क बजावण्याचा एकमेव मार्ग उरतो.

कन्या मुक्तांबाबाई यांच्यापर्यंत ती इस्टेट पोचलीच नाही. शेवटच्या राणीच्या आधीच त्या वारल्या. पुढे विसाव्या शतकात राजवाड्याच्या इस्टेटीवर हक्क सांगणाऱ्यांची रांग लागली. त्यांत कोल्हापूरचे महाराज होते आणि राजाच्या अविवाहित संबंधांतून झालेल्या पुत्रांचे वंशज होते. १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या निकालात मद्रास उच्च न्यायालयाला तंजावरचे भोसले क्षत्रिय की शूद्र, याचा निर्णय करावा लागला, कारण अनौरस पुत्राचा वारसा त्यावर अवलंबून होता. न्यायालयाने शूद्र असा निर्णय दिला. वर्णाचा हा वाद अभ्यासकांनी पुष्कळ चघळला आहे. त्याच्या धुरळ्यात एक साधी गोष्ट झाकली जाते. जी मालमत्ता सुमारे पन्नास वर्षे स्त्रियांच्या नावे होती, तिच्या अंतिम वाटपाच्या वेळी वाद पुरुषवंशाच्या शुद्धाशुद्धतेचा झाला. मधल्या स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने एक दीर्घ प्रतीक्षा होत्या.

राजवाड्याबाहेरच्या शेतांत काय होते? तंजावरच्या भूव्यवस्थेचा कणा ‘मिरासदार’ हा होता. तमिळमधील ‘काणि’ या जुन्या संज्ञेच्या जागी कारभाराच्या कागदांत रुळलेला हा शब्द मराठी वाचकाला देशावरच्या गावगाड्यातून परिचित आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थच मुळी वारसा असा आहे. या मिरासदारांची जमीन कसली ती पण्णैयाळ म्हणवणाऱ्या बांधलेल्या मजुरांनी, त्यांतही दलितांनी. आणि भाताची लावणी, निंदणी ही कामे सर्वत्र स्त्रियांची होती. मजुरी धान्याच्या मापाने मिळे. गुडघाभर चिखलात वाकून लावणी करणाऱ्या या स्त्रीचे नाव मिरासीत तर नव्हतेच, पण मजुराच्या कर्जखात्यावरही बहुधा नवऱ्याचेच असे.

या दोन जगांच्या सीमेवर उभी राहिलेली एक विलक्षण स्त्री म्हणजे मणलूर मणियम्मै. ब्राह्मण कुटुंबातील ही तरुण विधवा मणलूरला परतली, घरच्या शेतीचा कारभार तिने हाती घेतला, आणि कारभार पाहता पाहता ती मजुरांच्या बाजूला जाऊन पोचली. केस कापून, पुरुषी वेष करून ती गावोगाव फिरली. आधी काँग्रेसचे, मग कम्युनिस्टांचे काम तिने केले. १९५३ मध्ये हरणाच्या शिंगांनी भोसकली जाऊन तिचा विचित्र अंत झाला. राजम कृष्णन् यांनी तिच्या जीवनावर ‘पादैयिल् पदिन्द अडिगळ्’ ही कादंबरी १९९१ मध्ये लिहिली. जमिनीचा कारभार विधवेकडे यावा आणि त्या कारभाराने तिला शोषणाचा हिशोब समजावा, हा या कादंबरीतील मर्माचा भाग आहे. मालकी नसलेल्या कारभारातूनही दृष्टी येऊ शकते, एवढे मणियम्मैने सिद्ध केले.

त्या हिशोबाची सर्वांत भयानक नोंद २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री झाली. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे मजुरीत अर्ध्या मापाची वाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर जमीनदारांच्या माणसांनी हल्ला केला. एका झोपडीत आश्रयाला गेलेले ४४ जण जाळून मारले गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलेले जमीनदार १९७३ मध्ये उच्च न्यायालयातून सुटले. एवढ्या संपन्न आणि मोटारी बाळगणाऱ्या गृहस्थांनी स्वतः पायी जाऊन घरे पेटवली असतील यावर विश्वास ठेवणे न्यायालयाला कठीण वाटले. या घटनेवरील इंदिरा पार्थसारथी यांच्या ‘कुरुदिप्पुनल’ या कादंबरीला १९७७ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. ती प्रभावी कादंबरी आहे, परंतु जमीनदाराच्या क्रौर्याचे मूळ त्याच्या पौरुषहीनतेत शोधण्याचा तिचा कल टीकाकारांना तेव्हाही खटकला होता. अर्ध्या मापाच्या प्रश्नाचे असे मानसशास्त्र केले, की जळालेल्या बायकांची मजुरी पुन्हा एकदा पुरुषाच्या कहाणीत विरघळते.

वेण्मणीनंतर तेथे गेलेल्यांत कृष्णम्माळ आणि शंकरलिंगम जगन्नाथन् हे दांपत्य होते. येथे या इतिहासात एक वेगळाच मराठी धागा येतो, राजवाड्याचा नव्हे तर पदयात्रेचा. कोकणातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबांनी १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत भूदान आरंभले. जगन्नाथन् त्या यात्रेत सामील झाले, आणि दलित शेतमजुराच्या घरात १९२६ मध्ये जन्मून पदवीपर्यंत शिकलेल्या कृष्णम्माळ तमिळ मुलुखात भूदानाचे काम करू लागल्या. भूदानाची मर्यादा या दोघांना अनुभवाने कळली होती. देणारा पुष्कळदा नापीक किंवा वादातली जमीन देई, आणि मिळालेल्या पट्ट्यावर कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाचे नाव लागे. तंजावरात त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ मध्ये झाला होता आणि १९७० मध्ये मर्यादा ३० प्रमाण एकरांवरून १५ वर आणली गेली होती. तरी मोठ्या जमिनी जागच्या जागी होत्या. काही देवस्थानांच्या आणि धर्मादाय न्यासांच्या नावे लपल्या होत्या. वलिवलम्‌च्या देवस्थान-जमिनीसाठी तर जगन्नाथन् दांपत्याला दीर्घ सत्याग्रह करावा लागला. आणि काही जमिनी स्त्रियांच्या नावे होत्या. या कायद्यात कुटुंबाच्या मर्यादेव्यतिरिक्त घरातील स्त्रीच्या ‘स्त्रीधन’ जमिनीला दहा प्रमाण एकरांपर्यंत वेगळी सवलत होती. विज्ञानेश्वरांचा शब्द आठशे वर्षांनी तमिळनाडूच्या कायद्यात अवतरला तो असा. जिला पित्याच्या जमिनीत वाटा द्यायला घर तयार नव्हते, तिचे नाव जमीन वाचवण्यासाठी कामी आले. तिला आपल्या नावावर किती जमीन आहे हे ठाऊक असेलच, असेही म्हणवत नाही.

पुण्यासाठी नाव, कृपेने मिळालेले नाव आणि आडोशासाठी घेतलेले नाव, असा हा क्रम १९८१ मध्ये मोडला. त्या वर्षी जगन्नाथन् दांपत्याने ‘लाफ्टी’ ही संस्था स्थापन केली. लँड फॉर टिलर्स फ्रीडम या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे होत. मार्ग साधा पण कष्टाचा होता. जमीन सोडू पाहणाऱ्या मालकाशी बसून भाव ठरवायचा, बँकेचे कर्ज काढायचे, भूमिहीन कुटुंबाला सुमारे एक एकर द्यायचा आणि खरेदीखत कुटुंबातील स्त्रीच्या नावे करायचे. कर्ज तिने पिकातून फेडायचे. स्त्रीचेच नाव का, याचे कृष्णम्माळांचे उत्तर व्यवहाराचे होते: पुरुषाच्या नावची जमीन दारूपायी किंवा कर्जापायी गहाण पडते, स्त्री ती सोडत नाही. हे उत्तर स्त्रीच्या हक्कापेक्षा तिच्या जबाबदारपणावर उभे आहे, अशी टीका त्यावर करता येईल आणि ती अगदीच गैरलागू नाही. पण फरक कर्जाच्या कागदात आहे. कामाक्षीबाईंना सरकारने दिले होते, म्हणून सरकारने अटी घातल्या; वेण्मणीच्या परिसरातील मजूर स्त्रीने विकत घेतले होते. २००८ मध्ये कृष्णम्माळ आणि जगन्नाथन् यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला तोवर सुमारे १३,००० कुटुंबांना जमीन मिळाली होती. मधल्या काळात किनाऱ्याकडच्या खाचरांवर कोळंबीच्या तळ्यांचे संकट आले. त्याविरुद्ध जगन्नाथन् यांनी केलेल्या याचिकेवर ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल लागला. खारे पाणी शेतात शिरले तर खरेदीखताचा उपयोग नसतो, हे त्या स्त्रियांनीच आधी ओळखले होते.

महाराष्ट्रात याच दशकात निराळ्या वाटेने असाच प्रयत्न झाला. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे पहिले मोठे अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे भरले, आणि दशकाच्या अखेरीस शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे करावा. ज्या गावात शंभर शेतकरी असे करतील त्याला लक्ष्मीमुक्तीचे गाव म्हणून गौरवावे. पुढे १९९२ मध्ये पत्नीचे नाव सातबाराला लावण्याची सोय शासनाने परिपत्रकाने केली. घरच्या लक्ष्मीचे ऋण फेडण्याची ही भाषा मराठी मनाला भिडली. तरी ते पतीचे दान होते. तंजावरच्या स्त्रीने फेडायचे होते ते बँकेचे कर्ज. महाराष्ट्रातल्या पतीने फेडायचे होते ते ऋण. दोन्ही चळवळींची शक्ती आणि मर्यादा या भेदात आहेत, आणि त्यांची तुलना व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

कायद्याची वाट या दोहोंहून संथ होती. १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या मालमत्तेत हिस्सा दिला, पण १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने तो शेतजमिनीला लागू नाही असे ठरवले. खेड्यातल्या विधवेला नेमके जे हवे होते तेच वगळले गेले. हिंदू कोड बिलात कन्येला वाटा देऊ पाहणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी ते बिल रखडल्याने सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. १९५६ च्या वारसा कायद्याने ‘मर्यादित इस्टेट’ संपवली आणि स्त्रीकडे असलेली मालमत्ता पूर्ण मालकीची केली. कामाक्षीबाईंच्या दाव्याचे खरे उत्तर हे, शंभर वर्षांनी आलेले. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत जन्मसिद्ध वाटेकरी पुत्रच राहिला. पेरियार ई. वे. रामस्वामी यांच्या स्वाभिमान चळवळीने १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत स्त्रियांच्या समान मालमत्ताहक्काचा ठराव केला होता. तमिळनाडूने कन्येला सहदायाद केले ते २५ मार्च १९८९ पासून. महाराष्ट्राने तेच २२ जून १९९४ पासून केले. दोन्ही राज्यांनी त्या दिवसापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले, म्हणजे हक्काची सीमा जन्माने न आखता लग्नाच्या मुहूर्ताने आखली. ही अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली. कूळकायदे आणि कमाल-धारणा कायदे यांना वारसा कायद्यातून असलेली सूटही तेव्हाच निघाली. पिता त्या दिवशी हयात असला पाहिजे की नाही, हा उरलेला वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात मिटवला; कन्येचा हक्क जन्मानेच आहे.

तरीही गोविंदपुरम्‌च्या अवतीभवतीच्या खाचरांत काय, किंवा चांदवडच्या माळावर काय, वाटणीच्या वेळी बहिणीला सही करण्यासाठी माहेरी बोलावले जाते. भावाशी संबंध तुटू नये, सणावाराला माहेरचे दार उघडे असावे, म्हणून ती सही करते. मराठीत त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. काय सुटले ते शब्दातच स्पष्ट आहे. तमिळ दस्तनोंदणीत त्याच कागदाचे नाव ‘विडुदलैप् पत्तिरम्’ असे आहे. विडुदलै म्हणजे मुक्ती, स्वातंत्र्य.